मर्यादवेलीच्या वर, माडापासून लांब: कोकण किनाऱ्यावर तंबूत राहण्याची रीत

एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा धरली जाते. कोकणात सुरूच्या बनात किंवा रानाच्या कडेला ज्या लहान तंबूच्या जागा आहेत, तिथे तेवढीही सोय नाही. बुकिंग नाही, पाटी नाही. एक विहीर, एक पत्र्याचा संडास आणि पाच-सात तंबू मावतील एवढी सपाट जमीन, एवढंच. आधी येईल त्याची जागा. मी जिथे जातो त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सात तंबूंच्या जागेवर सत्तर तंबू आले की विहीर दोन दिवसांत तळाला जाते. पण अशी गावं रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आहेत आणि रीत सगळीकडे जवळपास एकच आहे.

लोक मला सामानाची यादी मागतात. यादी खाली देतो, पण खरं सांगायचं तर सामानाने फारसं अडत नाही. अडतं ते पोचल्यावरच्या पहिल्या तासात. त्या तासात गाडीतून काहीही न उतरवता नुसतं फिरलात, वर-खाली बघितलंत आणि दोन माणसांना विचारलंत, तर रात्र सुखाची जाते.

जमीन कुणाची?

हे घरून निघण्याआधीच करायचं काम. किनाऱ्यालगतची सुरूची बनं आपोआप उगवलेली नाहीत. सुरू हे आपल्याकडचं झाडच नव्हे. वाळू उडू नये आणि वारा अडावा म्हणून ती लावली गेली आणि बऱ्याच ठिकाणी ती वनखात्याच्या ताब्यात आहेत. तिथे राहायचं तर वनपाल किंवा परिक्षेत्र कार्यालयाची परवानगी हवी. राखीव वनात विस्तव पेटवणं हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. फणसाडसारख्या अभयारण्यात तर १९७२चा वन्यजीव कायदा लागतो, म्हणजे आत जायलाही परवानगी आणि ठरवून दिलेल्या जागेबाहेर मुक्काम नाही. उरली ती गावची जागा किंवा कुणाची तरी वाडी. तिथे मालकाला, सरपंचांना किंवा पोलीसपाटलांना विचारायचं.

कोकणात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न येतो तो म्हणजे "कुणाकडं आलाव?" या प्रश्नाला उत्तर हवं. "असंच फिरायला" हे उत्तर नव्हे. नाक्यावरच्या टपरीत चहा घ्या, जागा कुणाची ते विचारा, त्या घरी जाऊन पैशाचं आधीच ठरवा आणि पोचतानाच देऊन टाका. मग रात्री बॅटरी घेऊन कुणी आलं तर सांगायला एक नाव असतं. आणि खरोखर काही झालं, तर धावत येणारंही तेच घर असतं.

देवराईत तंबू लावू नका, कितीही सपाट आणि सावलीची असली तरी. तिथलं वाळकं लाकूडही गावकरी उचलत नाहीत. देवळाच्या आवारात कुणी आपणहून जागा दिली तर चप्पल, अंडी-मासळी आणि बाटली यांचे नियम विचारून घ्या.

कोणत्या दिवशी, किती वाजता

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. मार्चपासून तंबू सकाळी आठलाच भट्टी होतो आणि पावसाळ्यात हा विचारही करू नये. नाताळ ते एक जानेवारी, सव्वीस जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार आणि शिमग्याचे दिवस वगळा. शिमग्यात गाव चाकरमान्यांनी भरलेलं असतं, पालखी घरोघर फिरत असते, तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते आणि ते रास्तच आहे.

माझी युक्ती अशी की मी रविवारी जातो. शनिवारी सकाळी अकराला पोचणारा आधीच उशिरा पोचलेला असतो. शुक्रवारी रात्री निघालेल्यांनी विहिरीजवळच्या जागा घेतलेल्या असतात. पण रविवारी दुपारी बारा-साडेबाराला तीच मंडळी आवरून निघतात आणि सगळं मैदान तुमच्यासमोर मोकळं होतं. सोमवार-मंगळवारची रजा टाका. दोन दिवस मिळत नसतील तर शुक्रवारची एकच रजा टाकून सकाळी निघा, पण दुपारी दोनच्या आत पोचा. हिवाळ्यात सहानंतर सूर्य मावळला की सुरूच्या बनात क्षणात अंधार होतो, आणि अंधारात निवडलेली जागा सकाळी बघून माणूस कपाळाला हात लावतो.

वाटेत खाडी असेल तर फेरीबोटीची वेळ धरा. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेऱ्यांनी घाटरस्त्याचा मोठा वळसा वाचतो, पण एक फेरी चुकली की थांबावं लागतं आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग असते.

सामान, थोडक्यात

दुहेरी कापडाचा तंबू, म्हणजे आत जाळीचा आणि वर वेगळं आवरण असलेला. एकेरी स्वस्त तंबूत पहाटे आतल्या बाजूने पाणी ठिबकतं. खाली घालायला ताडपत्री, चटई, चादर आणि एक पातळ रजई, कारण जानेवारीत पहाटे चारला समुद्राकाठीही हुडहुडी भरते. डोक्याला बांधायची बॅटरी, हातात धरायची एक जास्तीची, कोयता, वीस फूट सुतळी, बादली, मग, डासांचं मलम. पाण्यासाठी वीस लिटरचा कॅन. पायात पूर्ण बूट.

रेल्वेने जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गॅसची शेगडी-नळकांडी, रॉकेल, पेट्रोल गाडीत न्यायला बंदी आहे, आणि एस्टीतही ज्वालाग्राही वस्तू नेऊ नयेत. तेव्हा एक तर उतरल्यावर बाजारात गॅस विकत घ्या, नाहीतर ज्यांच्या वाडीत राहणार त्यांच्याकडेच जेवण सांगा. मी दुसरं सुचवीन. तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं आपल्याला शेगडीवर तसं जमत नाही.

पहिला तास

आता मुख्य गोष्ट. आधी माझी फजिती सांगतो.

पहिल्या खेपेला आम्ही दत्तजयंतीच्या दिवशी दुपारी एकला पोचलो. भरती नुकतीच उतरायला लागली होती, ओल्या वाळूची रेघ स्पष्ट दिसत होती. तिच्यावर पंधरा पावलं मोजली, कोरडी मऊ वाळू बघितली आणि तंबू ठोकला. समोर समुद्र, मागे सुरू, फोटो झकास. रात्री साडेअकराला बायकोने हलवून उठवलं, "अहो, पाय ओले झालेत." बाहेर चांदणं पडलेलं आणि तंबूच्या दाराशी फेस. चपला गेल्या, एक पातेलं गेलं, उरलेलं ओढत सुरूत नेलं.

सकाळी विहिरीवर वाडीतले आजोबा भेटले. माझ्या ओल्या चादरींकडे बघून म्हणाले, "तिथी कोनती होती काल?"

"पौर्णिमा."

"मग तिथीला पाऊणानं गुणायचं. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. तुमच्याकडं घड्याळ होतं ना?"

ही रीत किनाऱ्यावर मुंबईपासून खाली सगळ्यांना ठाऊक आहे. प्रतिपदेपासून तिथीचा आकडा घ्या, पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसातून दोन भरत्या, दोहोंत साधारण साडेबारा तासांचं अंतर. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीच्या आत आणखी फरक पडतो, पण तंबूपुरतं हे गणित पुरेसं आहे. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण.

आजोबांनी पुढे जे सांगितलं ते त्याहून कामाचं. दोन्ही भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात दुपारची मोठी, हिवाळ्यात रात्रीची मोठी. म्हणजे मी दुपारची रेघ बघून फसलो, ती त्या दिवसाची लहान रेघ होती.

तेव्हा आजच्या ओल्या रेघेवर भरवसा ठेवू नका. तिच्या वर आणखी एक जुनी, वाळलेली रेघ असते. करवंट्या, सुकलेलं शेवाळ, थर्माकोलचे तुकडे, एकेकट्या चपला. ती मोठ्या उधाणाची. आणि तिच्याही वर, वाळूवर पसरलेली, आपट्यासारख्या पानांची आणि जांभळ्या फुलांची वेल दिसेल, तीच मर्यादवेल. नाव ठेवणाऱ्याने उगीच ठेवलेलं नाही. समुद्राची मर्यादा तिथे संपते. तंबू वेलीच्याही मागे, आणि वेलीवर तर नाहीच, कारण वाळू धरून ठेवायचं काम तीच करते.

खाली बघून झालं की वर बघा. माडाखाली तंबू नको. नारळ पडतो हे सगळ्यांना माहीत असतं, वाळलेली झावळ पडते हे कुणी लक्षात घेत नाही, आणि ती पडताना देठाकडून पडते. माडापासून त्याची झावळ जितकी पसरली आहे त्याच्या बाहेर राहा. सुरूचं झाड उंच आणि ठिसूळ. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरू, माड, पोफळी आडव्या झाल्या, आणि त्या वेळी कलंडलेली, मुळं सैल झालेली झाडं अजून उभी असतात. ज्या झाडाचा शेंडा वाळला आहे किंवा बुंध्याशी माती फुटली आहे, त्याच्याखाली झोपू नका.

मग पायाखाली. सुरूच्या सुयांचा वीतभर थर गादीसारखा मऊ लागतो आणि तिथेच पथारी टाकायचा मोह होतो. तो थर काठीने पूर्ण बाजूला सारा. त्यात विंचू असतो, गोचीड असते, आणि एका ठिणगीने तो पेटतो. चिऱ्याच्या गडग्यालगत, दगडांच्या ढिगाजवळ, वारुळाजवळ तंबू नको, कारण फुरसं या विषारी सापाची घरं तीच. सखल, जरा चिकट, हिरवं गवत असलेला खड्डा टाळा. अवकाळी सर आली की पाणी तिथेच साठतं.

रानाच्या कडेला असाल तर खाजकुइली ओळखायला शिका. डिसेंबरनंतर वेलीवर तपकिरी, मखमली, इंग्रजी एससारख्या वळलेल्या शेंगा लोंबतात. वाऱ्याने त्यांचे केस उडतात. अंगावर आले तर चोळायचं नाही, चोळलं की पसरतात. चिकटपट्टी लावून उपटून काढायचे, मग पाण्याने धुवायचं.

शेवटी विहीर आणि संडास. दोन्ही चालत जाण्याइतके जवळ, पण वाटेवर नको. पहाटे पाचपासून त्या वाटेने बायका कळशा घेऊन जातात. त्यांना तुमच्या तंबूच्या दोऱ्यांना अडखळून जावं लागू नये.

हे सगळं होईपर्यंत तास जातो. मधे कुणी दुसरा येऊन चांगली जागा पटकावेल ही भीती असेल तर एकाने चटई टाकून बसावं, बाकीच्यांनी फिरावं. पाण्याचा कॅन ठेवून चार जागा धरणं हा मात्र आगाऊपणा आहे. एक तंबू, एक जागा.

वाळूत मेख धरत नाही

तंबूबरोबर येणाऱ्या बोटभर लोखंडी मेखा मुरमात ठीक. वाळूत त्या लोण्यात सुरी जावी तशा जातात आणि तशाच निघतात. उपाय वाडीतच पडलेला असतो. वाळलेल्या झावळीच्या देठाचे हातभर लांबीचे तुकडे कोयत्याने तोडा. ताणाची दोरी तुकड्याच्या मधोमध बांधा. कोपरभर खोल खड्डा घ्या, तुकडा दोरीला आडवा, म्हणजे काटकोनात ठेवा, वाळू लोटा, पायाने दाबा आणि वरून तांब्याभर समुद्राचं पाणी ओता. ओली वाळू घट्ट बसते. दोरी ओढून बघा, तंबू हलेल पण देठ हलणार नाही. नारळाच्या सोडणानेही हेच होतं, फक्त खड्डा जरा मोठा लागतो.

दार कुठे करायचं? शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, त्याचा आयुष्यात उपयोग झाला तो इथे. दुपारी आणि संध्याकाळी वारा समुद्राकडून, रात्री उशिरा आणि पहाटे जमिनीकडून. म्हणून दार समुद्राकडेही नको आणि डोंगराकडेही नको, त्याचं तोंड किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेने ठेवा. अरुंद बाजू वाऱ्याला द्या.

खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा थोडी लहान हवी. बाहेर राहिली तर दव तिच्यावर पडतं आणि घरंगळून तुमच्या पाठीखाली येतं. वरचं आवरण ताणून बांधा, आतल्या कापडाला चिकटता कामा नये. पाऊस नाही म्हणून आवरण काढून तारे बघत झोपायची हौस असते. बघा, पण झोपताना चढवा. डिसेंबरात पहाटेचं दहिवर इतकं पडतं की चादर पिळावी लागते.

पाणी आणि चूल

किनाऱ्यालगतच्या विहिरी बऱ्याचदा मचूळ असतात. गावात एखादी गोड्या पाण्याची विहीर असते, ती विचारा. पाणी बादलीने काढायचं तर तिथलीच बादली वापरा, आपली तेलकट नको. विहिरीच्या कठड्यावर साबण नाही. पिण्याचं पाणी आधी गाळून घ्या, मग खळखळ उकळी येऊ द्या. माणशी दिवसाला पिण्या-रांधण्याला पाच लिटर धरा, त्याहून कमी धरू नका. उन्हात चालणार असाल तर आणखी.

पहिल्या रात्रीचा स्वयंपाक घरूनच. दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी. तंबू लावून दमल्यावर कांदा चिरायचा उत्साह कुणालाच नसतो. दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी. धक्क्यावर होड्या लागल्या की ताजी मासळी मिळते, पण साफ तिथेच करून आणा. तंबूजवळ खवलं पडली की रात्री कुत्री, कोल्हे आणि खेकडे यांचं संमेलन भरतं.

चूल जागामालकाने दाखवलेल्या ठिकाणीच, जुन्या राखेवर. भोवती चार हात जमीन झाडून काढा आणि शेजारी भरलेली बादली ठेवा. सुरूच्या सुया आणि माडाची वाळकी पोय भुर्रकन पेटतात, म्हणून पेटवायला उत्तम आणि जवळपास असायला वाईट. जळण करवंटीचं आणि सोडणाचं. वाळूने चूल विझवू नका, आत निखारे तासन्‌तास जिवंत राहतात आणि सकाळी अनवाणी पोर त्यावर पाय देतं. पाणी ओता, ढवळा, परत ओता, हात लावून बघा.

रात्र

पहिल्या रात्री पाऊस पडतोय असं वाटून उठाल. पाऊस नसतो, सुरूतून वारा जात असतो. त्यानंतर कोल्हेकुई. तिलाही घाबरायचं कारण नाही. खरे चोर दोनच, वानरं आणि गावची कुत्री. खाणं झाकणाच्या डब्यात, डबा गाडीत किंवा वाडीतल्या घरात. चपला तंबूच्या आत.

तंबूची चेन प्रत्येक वेळी पूर्ण लावा, अर्ध्या मिनिटासाठी बाहेर गेलात तरी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की कधीकधी खूणही दिसत नाही. रात्री बाहेर पडताना बूट झटकून घाला, बॅटरी पायाशी मारा. फुरसं पळत नाही, वेटोळं घालून अंगाचे खवले घासत करकरत बसतं. तो आवाज आला की आहे तिथेच थांबा, उजेड टाका, मागे सरा.

चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नको. अंगठ्या-बांगड्या काढा, तो अवयव हलू न देता माणसाला उचलून न्या आणि १०८ला फोन करा. जवळच्या कोणत्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सापाच्या विषावरची लस आहे, हे दुपारीच टपरीवर विचारून ठेवलेलं बरं. लाल विंचवाचंही हसण्यावारी नेऊ नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात करण्याआधी कोकणात त्याच्या दंशाने पुष्कळ माणसं दगावत. दंशानंतर दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला रानात असाल तर रोज संध्याकाळी अंगावर गोचीड शोधा. त्या भागात गोचिडांमुळे माकडताप झालेला आहे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्रात कळवा.

समुद्रात रात्री उतरू नका. दिवसाही, गावातला माणूस जिथे उतरत नाही तिथे उतरू नका.

संडासाबद्दल दोन शब्द. एकच आहे, तेव्हा पहाटे पाचला उठणारा सुखी. पाणी स्वतः भरून न्यायचं आणि पुढच्यासाठी बादली भरून ठेवायची. संडास नसेल तिथे वाळूत नको, वाळूत काही कुजत नाही. रानात मातीत वीतभर खोल खड्डा, विहिरीपासून आणि वहाळापासून दोनशे फूट लांब, मग माती लोटून बुजवा. ओले रुमाल, पॅड वगैरे पिशवीत घालून घरी.

निघताना

सकाळी नऊपर्यंत दव सुकत नाही, म्हणून गडबड करू नका. आधी बाकी सगळं आवरा, तंबू शेवटी. देठ उकरून काढा, खड्डे बुजवा, बाजूला सारलेल्या सुया परत पसरा. कचरा गावातल्या उकिरड्यावर नाही, आपल्या शहरात. ज्यांच्या वाडीत होतात त्यांना निघतोय म्हणून सांगा. पुढच्या खेपेला "कुणाकडं आलाव?" ला त्यांचं नाव सांगता येईल.

घरी पोचल्यावर तंबू पिशवीतून लगेच काढा. मेखा, चेन आणि दांडे गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खाऱ्या हवेने चेन पुढच्या वर्षी जागची हलत नाही. मग गॅलरीत दोन दिवस वाळत घाला. आमच्या तंबूच्या शिवणीतून अजून, प्रत्येक खेपेनंतर, त्या दत्तजयंतीची थोडी वाळू निघते.